कर्णेवाल्याची हरकत

उद्या नळाला पाणी येणार नाही, कुणाचं तरी पोर हरवलंय, सर्कस आलीय, चादरींचा सेल लागलाय, हे सगळं गावाला आधी कर्णेवाल्याच्या तोंडून कळायचं. त्याची एक निळी, दारं कुरकुरणारी व्हॅन होती. टपावर दोन कर्णे, एकाचं तोंड पुढे, दुसऱ्याचं मागे. त्यामुळे गाडी येताना तर ऐकू यायचीच, पण गेल्यावरही पाठ सोडायची नाही. आवाज मात्र असा गोड खणखणीत की दुपारच्या झोपेतून उठवलेला माणूससुद्धा आधी ऐकून घ्यायचा आणि मग वैतागायचा. लोक त्याचं खरं नाव कधीच विसरले होते. बँकेतला शिपाईदेखील त्याला ‘या कर्णेवाले’ म्हणायचा.

हा माणूस घरात शिरला की मात्र त्याच्या तोंडाला कुलूप लागायचं. दिवसभर दुसऱ्यांची वाक्यं बोलून झाल्यावर स्वतःची अशी त्याच्याकडे उरतच नसावीत. जेवताना बायकोने विचारावं, “मीठ बरोबर आहे का?” तर हा मान हलवायचा, आणि ती मान होकाराची की नकाराची हे तिने ठरवायचं. घराचा पुढचा भाग या दोघांचा. त्यातली गल्लीकडची खोली त्याची. तिथे उघडे अँप्लिफायर, वायरींची भेंडोळी, जळक्या रेझिनचा वास आणि एक मोडकं स्टूल. त्या खोलीत सोल्डरिंग आयर्न हातात घेऊन बसला की स्वारी खूश.

घराचा मागचा भाग त्याच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे ताईचा. ताई जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. साऱ्या गावाची बोलणी तिने जोडून दिली, पण काय ऐकलं ते कधी चुकूनही कुणाला सांगितलं नाही. दाजी जाऊन काही वर्षं झाली होती. तेव्हापासून ती आणखीच कमी बोलायची. भाऊ-बहीण शेजारी शेजारी बसून तास घालवायचे आणि उठताना ‘छान गप्पा झाल्या’ अशा चेहऱ्याने उठायचे. कर्णेवाल्याच्या बायकोला याची गंमत वाटायची. ती म्हणायची, “या घरात बोलायचं काम मला एकटीलाच. तेही बिनपगारी.”

तर एके सकाळी नगरपालिकेतून निरोप आला. दवंडीचं काम होतं. कारकुनाने एक कागद हातात दिला आणि बजावलं, “जसंच्या तसं वाचायचं. काना-मात्रा इकडची तिकडे नको.”

कर्णेवाला गाडीत बसला, घसा साफ केला आणि सुरू झाला. “तमाम नागरिकांस कळविण्यात येते की, शहराची प्रारूप विकास योजना प्रसिद्ध करण्यात आली असून, नियोजित भू-वापराबाबत हरकती व सूचना असल्यास त्या विहित मुदतीत लेखी स्वरूपात सादर कराव्यात...”

पहिल्या चौकात एक आजी खिडकीतून ओरडल्या, “अरे, म्हणजे पाणी उद्या येणार नाही का?”

“पाण्याचं नाही आजी, योजनेचं आहे.”

“कसली योजना?”

“प्रारूप.”

आजींनी खिडकी लावून घेतली आणि आतून बादल्या भरल्याचा आवाज येऊ लागला. दुसऱ्या चौकात त्याला बघून एक गृहस्थ पिशवी घेऊन धावत आले. त्यांना सेल आहे असं वाटलं होतं. संध्याकाळपर्यंत कर्णेवाला गावभर फिरला, पण एकाच्याही डोक्यात उजेड पडला नाही. खरं सांगायचं तर त्याच्या स्वतःच्याही पडला नव्हता. हे त्याला फार लागलं. सर्कशीची दवंडी दिली की पोरं गाडीमागे धावायची, पाण्याची दिली की बादल्या खणखणायच्या. आपण ओरडलो आणि गावात काहीच हललं नाही, असं त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

दुसऱ्या दिवशी तो नगरपालिकेच्या सभागृहात जाऊन धडकला. भिंतभर मोठा नकाशा लावला होता आणि त्यासमोर नगररचना खात्याची एक तरुण अधिकारी एकटीच बसली होती. समोर रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा, टेबलावर साय धरलेला चहा. माणूस आलेला बघून ती इतक्या लगबगीने उठली की खुर्चीच पडली.

“या काका, या! काही हरकत आहे?”

“आपली काही हरकत नाही,” कर्णेवाला चाचरत म्हणाला. “मी फक्त विचारायला आलो होतो, की मी काल दिवसभर ओरडत काय होतो?”

ती खळखळून हसली. मग तिने त्याला नकाशासमोर उभं केलं. पिवळं म्हणजे राहती घरं, निळं म्हणजे दुकानं-बाजार, हिरवं म्हणजे बागा आणि मैदानं. लाल रेघा म्हणजे नवे किंवा रुंद होणारे रस्ते. “पुढच्या वीस वर्षांत गाव कसं व्हावं, याचं हे चित्र आहे. अजून कच्चं आहे. लोकांनी येऊन सांगायचं, हे पटतं, हे पटत नाही. नाही सांगितलं तर हेच पक्कं होणार.”

“अहो मॅडम, मग असं सांगा ना सरळ!”

“सरळ सांगितलेलं नियमात बसत नाही,” ती म्हणाली. मग दाराकडे एकदा बघून हळूच म्हणाली, “कागदावरचं वाचून झालं की पुढे तुम्ही आपल्या शब्दांत काय बोलता, ते इथपर्यंत काही ऐकू येत नाही.”

एवढं पुरे होतं. दुपारपासून निळी व्हॅन निराळंच बोलू लागली. तमाम नागरिकांस जे कळवायचं ते आधी भराभर कळवून झालं की मग कर्णेवाला आवाज उतरवून, गप्पा मारल्यासारखा सुरू व्हायचा. “मंडळी, याचा अर्थ असा. नगरपालिकेत आपल्या गावाचं चित्र लावलंय. तुमच्या अंगणातून रस्ता जाणार की दारात बाग येणार, ते त्यात दिसतंय. चित्र पेन्सिलीचं आहे, खोडता येतं. पण एकदा शाईचं झालं की मग माझ्या नावाने बोटं मोडू नका. जा, बघा, आणि काय वाटतं ते लिहून द्या!”

त्यानंतर सभागृहात जे झालं त्याला झुंबड म्हणतात. लोक नकाशाला नाकं लावून आपापलं घर शोधू लागले. न्हाव्याला आपलं दुकान चक्क तळ्यात सापडलं. तळ्याचा रंग सुकताना पसरला होता हे कळेपर्यंत त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. दोन शेजारणींची नियोजित वाचनालय कुणाच्या भिंतीला लागून होणार यावरून जुंपली, आणि दोघींनाही ते आपल्याच भिंतीला हवं होतं. एका निवृत्त मास्तरांनी आणखी काही नको, फक्त बागेतल्या बाकांना पाठ हवी, अशी पानभर सूचना सुवाच्य अक्षरात लिहून दिली. अधिकारी बाईचा चहा रोजच गार व्हायचा, पण आता प्यायला फुरसत नाही म्हणून. कारकून कर्णेवाल्याकडे डोळे वटारून बघायचा आणि कर्णेवाला छताकडे.

अशाच एका संध्याकाळी तो गर्दीत उभा राहून एकाला त्याची गल्ली शोधून देत होता. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, “कर्णेवाले, सगळ्यांची घरं दाखवताय. तुमचं बघितलंत का?”

खरंच की. सगळं गाव पालथं घातलं आणि आपलीच गल्ली राहिली. त्याने बोट फिरवत नेलं. गल्ली सापडली. गल्लीवर लाल रेघ होती, चांगली जाडजूड. ती समोरच्या गोदामाच्या भिंतीला हात न लावता अलीकडच्या घरांच्या तोंडावरून गेली होती, आणि वळणावर तर कर्णेवाल्याची खोली तिने अख्खी गिळली होती.

तो तसाच घरी आला. त्या रात्री जेवताना तो आपण होऊन बोलला, तेव्हा बायकोच्या हातातली पळी हवेतच थांबली.

“आपली खोली रस्त्यात चाललीय. मी हरकत घेणार. गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्या घेणार.”

“घ्या की,” बायको म्हणाली.

ताईने पाण्याचा घोट घेतला आणि शांतपणे म्हणाली, “मी पण देणार आहे लिहून.”

“हां, बघ! ताई पण हरकत घेणार.”

“हरकत नाही रे. सूचना. रस्ता व्हावा म्हणून.”

कर्णेवाल्याला आधी वाटलं ऐकण्यात चूक झाली. “अगं, माझी खोली जाते त्यात!”

“मला दिसतंय ते.”

“आणि तरी तुला रस्ता हवाय?”

“हवाय.”

“का?”

“ते मी तिथेच सांगेन,” ताई म्हणाली आणि ताट घेऊन उठली.

त्या दिवसापासून भाऊ-बहिणीत अबोला. आता तुम्ही म्हणाल, बोलत होते कुठे एरवी? पण हा अबोला वेगळा होता; आधीचा मायेचा होता, हा ठसक्याचा. निरोप सगळे बायकोमार्फत. “ताईला सांग, चष्मा खिडकीत राहिलाय.” “त्याला सांग, मला दिसतोय.” दोघंही गल्लीत सह्यांसाठी फिरू लागले. सकाळी हा ज्या दारात जाई त्याच दारात दुपारी ती. भिडेखातर काहींनी दोघांच्याही कागदावर सह्या ठोकल्या. बायकोला दोघांनीही गळ घातली. तिने हात जोडले. “मला दोघांनाही वाढायचंय. मी कशावरच सही करणार नाही.”

सुनावणीचा दिवस उजाडला. समितीचे तिघे जण मंचावर बसले होते. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त इंजिनिअर, भारदस्त देहाचे आणि त्याहून भारदस्त मिशांचे. बाजूला अधिकारी बाई फायलींच्या ढिगाआडून डोकावत होती. हॉल खचाखच भरला होता. आणि कर्णेवाल्याचं नाव पुकारल्यावर सगळे सरसावून बसले, कारण आता काहीतरी दणदणीत ऐकायला मिळणार याची प्रत्येकाला खात्री होती.

तो माइकसमोर उभा राहिला. सवयीने त्याने माइकवर टिचकी मारली, घसा साफ केला आणि म्हणाला, “तमाम नागरिकांस कळविण्यात येते की...”

हॉलमध्ये एकच हशा पिकला. तोही हसला. मग पुढचं वाक्य शोधू लागला, आणि ते काही सापडेना. हातात कुणी लिहून दिलेला कागद नव्हता. पाण्याचं नव्हतं, सर्कशीचं नव्हतं; हे त्याचं स्वतःचं होतं, आणि ते बोलायचं कसं हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्याची बोबडी वळली. “माझी खोली आहे,” तो शेवटी म्हणाला. “वळणावर. तिथे मी बसतो. दुरुस्तीला. मला तिथे... बरं वाटतं.” मग खाली येऊन बसला. सबंध गावाला उठवणारा तो आवाज आज पहिल्या रांगेपर्यंतच कसाबसा पोचला होता.

पुढचं नाव ताईचं. ती काठी टेकत माइकपाशी गेली.

“बाई, जरा मोठ्याने बोला,” अध्यक्ष म्हणाले.

“मी मोठ्याने नाही बोलत,” ताई म्हणाली. “तुम्ही जरा ऐका.”

मागच्या रांगेतली माणसं पुढे सरकली.

“आमचे हे गेले ती दुपारची वेळ होती. छातीत दुखायला लागलं. अँब्युलन्स लगेच आली, पण मोठ्या रस्त्यावर उभी राहिली, गल्लीत शिरेना. स्ट्रेचर आणलं तर ते वळणावर वळेना. मग जेवणाच्या खुर्चीत बसवून नेलं. रस्ता असता तर ते वाचले असते असं मी म्हणत नाही. डॉक्टर म्हणाले, तसं काही नव्हतं. पण त्यांना नीटनेटकं राहायला फार आवडायचं. शर्टाची इस्त्री मोडली तर बदलायचे. आणि त्यांना सगळ्या गल्लीच्या डोळ्यांदेखत, बनियनवर, खुर्चीत लटकत जावं लागलं. ते मला माफ करवत नाही. कुणाला, ते मलाही माहीत नाही.”

मग तिने भावाकडे बघितलं नाही, पण बोलली त्याच्याबद्दलच. “खुर्चीचे पुढचे पाय माझ्या भावाने धरले होते. तो उलटा चालत होता. सबंध गल्लीभर ‘दाजी, आलो, आलोच, पोचलोच’ असं म्हणत होता. इतका हळू बोलताना मी त्याला कधी ऐकलं नाही. त्याला खोली हवी, मला रस्ता हवा. त्याचंही बरोबर आहे. आता काय ते तुम्ही बघा.”

“मग बाई, ही हरकत धरायची की सूचना?” कारकुनाने लेखणी सावरत विचारलं.

“दोन्ही लिहा,” ताई म्हणाली.

कुणी हसलं नाही. कर्णेवाला जागेवरून उठला. अध्यक्षांनी मानेने परवानगी दिली, पण तो माइककडे गेलाच नाही. उभ्या जागेवरून म्हणाला, “साहेब, माझी हरकत आहेच. खोली मला हवीच आहे. पण ताई बोलली त्यातलं एक अक्षर खोटं नाही. खुर्ची वळवताना दाजींचा कोपर आमच्याच भिंतीला घासला होता. सॉरी म्हणायचं राहून गेलं.” त्याने भिंतीवरच्या नकाशाकडे बोट केलं. “तुम्ही नकाशावर नका ठरवू. एकदा या आणि बघा.”

समिती खरंच आली. अधिकारी बाईने रुग्णालयातून स्ट्रेचर मागवलं होतं. अँब्युलन्सचा ड्रायव्हर आणि त्याचा साथीदार ते घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले. “आता यावर झोपणार कोण?” ड्रायव्हरने विचारलं, तेव्हा अख्खी गल्ली दोन पावलं मागे सरली. स्ट्रेचरवर हौसेने कोण झोपणार? शेवटी अध्यक्षांनी मिशीवरून हात फिरवला, बूट काढले आणि म्हणाले, “बाजूला व्हा.”

त्यांना उचलताना दोघांच्या नाकी नऊ आले. गल्लीभर वरात निघाली. खिडक्याखिडक्यांतून डोकी. वळणावर मात्र गाडं अडलं. इकडून वळवावं तर डोकं गोदामाच्या भिंतीला, तिकडून वळवावं तर पाय कर्णेवाल्याच्या खिडकीत. पुढे जाता येईना, मागे येता येईना. अध्यक्ष आडवे, पोटावर हात घेतलेले.

“साहेब, उठता का?” ड्रायव्हर धापा टाकत म्हणाला.

“दुखणाईत माणूस उठतो का?” अध्यक्ष पडल्या पडल्या गरजले. मग थोडा वेळ वर बघत राहिले आणि एकदम वेगळ्याच आवाजात म्हणाले, “इथून आभाळाची एवढीशी चिंधी दिसते हो. फार वाईट वाटतं इथे अडकल्यावर.”

कर्णेवाल्याने पुढे होऊन त्यांच्या खांद्याखाली हात घातला. दुसऱ्या बाजूने ताईने त्यांचे बूट आणून ठेवले. उठून बसल्यावर अध्यक्षांनी गोदामाच्या भिंतीवर थाप मारली. “आणि ही भिंत का सोडली?” त्यांनी अधिकारी बाईला विचारलं.

“तो आराखडा माझ्या आधीच्या साहेबांनी केला,” ती म्हणाली. “पण मीही विचारायला हवं होतं. चुकलं.”

शेवटी जे ठरलं ते असं: जाडजूड रेघ बारीक झाली, अँब्युलन्स आत येऊन वळेल इतपतच रस्ता. थोडी जागा गोदामाने द्यायची, थोडी अलीकडच्या घरांनी. वळणाचा कोपरा गोल करायचा. कर्णेवाल्याची खोली निम्मी राहणार होती. त्याने ते ऐकलं, मान हलवली, आणि त्या वेळी ती मान होकाराची आहे हे सगळ्यांना कळलं.

घरी येताना तो ताईला म्हणाला, “निम्म्या खोलीत सामान मावणार नाही माझं.”

“माझ्या खोलीत आण. एक भिंत रिकामी आहे.”

“धूर होतो सोल्डरिंगचा.”

“खिडकी उघडीन.”

“आणि टेस्टिंगला आवाज होतो.”

“अरे, जन्मभर कानाला हेडफोन लावून बसलेय मी. तुझ्या आवाजाने काय होतंय?”

मागून चालणारी बायको म्हणाली, “झालं का सुरू? म्हणजे आता माझं निरोप्याचं कामही गेलं.” पण तिने पदराने डोळे पुसलेले दोघांनीही बघितले.

सरकारी काम ते. रस्ता व्हायला बराच काळ गेला. मधल्या काळात अधिकारी बाईची बदली झाली, जाताना ती घरी येऊन गरम चहा पिऊन गेली. भिंत पाडायच्या दिवशी कर्णेवाल्याने गवंड्याच्या हातातला हातोडा मागून घेतला आणि पहिला घाव स्वतः घातला. विटेचा कपचा उडून त्याच्याच नाकावर बसला. ताई इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. त्यावर तो चिडला, मग तोही हसला, आणि गवंडी बिचारा हातोडा परत कधी मिळतो याची वाट बघत उभा राहिला.

डांबर पडलं त्याच आठवड्यात कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याच्या सुनेला कळा सुरू झाल्या. अँब्युलन्स गल्लीत आली, वळणावर सावकाश वळली आणि थेट दारात उभी राहिली. चष्मेवाल्याची सून स्वतःच्या पायांनी चालत आत जाऊन बसली. केस विंचरलेले, अंगावर स्वच्छ गाऊन, हातात पिशवी. ताई दारात उभी राहून ते सगळं बघत होती. गाडी निघाली तेव्हा कर्णेवाला आपल्या निम्म्या खोलीत खिडकीशी काम करत बसला होता. ड्रायव्हरने ओळखून हात वर केला. कर्णेवाल्याने तापलेल्या सोल्डरिंग आयर्नसकट हात वर केला, आणि बायको आतून ओरडली, “अहो, पडदा जळेल!”